मोहरीचा लेप

रेडमंड, १९ जानेवारी २०२५

वीर,

पत्राच्या सुरुवातीला 'चि.' लिहायचं असतं, हे रविवारच्या मराठी शाळेत मीच तुम्हा पोरांना शिकवलं. त्या अक्षराचा पूर्ण शब्द काय, असं तू विचारलं होतंस आणि मी सांगितलं होतं, पुष्कळ वर्षं जगणारा. आज ते दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. नुसतं वीर बरं.

तुझा पत्ता बाबाकडून घेतला. मला तू दिला नव्हतास. तिथे फोन काढून घेतात, ईमेल नाही, फक्त कागदाची पत्रं चालतात, हे ऐकून मला आधी हसू आलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरलं आणि शेवटी मुलाशी बोलायला पोस्टाची तिकिटं चिकटवायची वेळ आली. मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत मी तुझ्याशी नुसती भांडते. तुला वाचायला वेळ लागेल. लागू दे. तेवढा वेळ तू माझ्यापाशी बसलास असं मी धरीन.

तुला न्यायला आर्मीच्या रिक्रूटरची गाडी आली त्या सकाळी मी बाथरूममध्ये होते. नळ सुरू होता. तू दारावर दोनदा टकटक केलीस. ऐकूच आली नाही, असं मी बाबाला फोनवर सांगितलं. आली होती. गाडी कोपऱ्यावरून वळल्याचा आवाजही आला होता. मग मी नळ बंद केला.

तू सतरा वर्षांचा असताना तो फॉर्म घेऊन आलास तेव्हा आईवडील दोघांची सही लागत होती. बाबाने फ्रीमाँटहून करून पाठवली, मी केली नाही. अठरा पूर्ण झाल्यावर माझी सही कोणालाच नको होती. ते मला मान्य आहे, म्हणजे करावं लागलंय. सप्टेंबरमध्ये तुझे पेपर्स सापडले नाहीत, तारीख हुकली, ठरलेली मेडिकची जागा गेली आणि पायदळ पदरात पडलं, याचा राग मात्र बाबावर काढू नकोस. घटस्फोटानंतर माणूस सामान हलवतो तेव्हा काहीतरी इकडचं तिकडे होतंच.

जूनमध्ये तुमची परेड आहे असं बाबा म्हणाला. कोणाला बोलवायचं ती नावं तुम्ही द्यायची असतात. त्याचं दिलंस. माझं अजून दिलेलं नाहीस. मी विचारत नाहीये. फक्त मला माहीत आहे, एवढंच सांगते.

आई

रेडमंड, ९ फेब्रुवारी

वीर,

चकल्यांचं कळलं. रविवारी तुला पाच मिनिटं फोन मिळाला त्यात तू बाबाला सांगितलंस, त्याने मला सांगितलं, आणि सांगताना तो हसत होता. सार्जंटने डबा सगळ्यांसमोर उघडला. हे काय आहे, म्हणून विचारलं. तू 'फ्राइड राइस-फ्लाउर स्पायरल्स, सार्जंट' म्हणालास आणि पन्नास पुशअप्स काढल्यास. खायचं काही पाठवू नये, असं त्यांच्या पत्रकात पहिल्याच पानावर छापलंय म्हणे. सूचना वाचा, सूचना वाचा, असं मी ऑफिसमध्ये सगळ्यांच्या मानगुटीवर बसून सांगते. सहा डझन चकल्या कचऱ्यात गेल्या. माझ्यामुळे तुला पन्नास पुशअप्स.

आणखी एक सांगायचंय. मी तुझ्या मिस्टर एलशी भांडायला गेले होते.

इतकी वर्षं कुंपणापलीकडे राहतात, पण मी त्यांच्याशी हात हलवण्यापलीकडे बोललेले नव्हते. तू चार वर्षं त्यांचं गवत कापलंस आणि कापून झालं की तासभर त्यांच्या स्वयंपाकघरात बसायचास. मला एवढंच ठाऊक होतं की एगॉन लुट्झ हा म्हातारा लहानपणी जर्मनीत सैनिक होता. मग मी हिशेब जुळवून टाकला. या माणसाने गोष्टी सांगून सांगून माझ्या पोराच्या डोक्यात आर्मी भरली. चार वर्षं मी त्याला वर दर दिवाळीला फराळ पाठवला.

त्यांनी दार उघडलं तेव्हा कानात मशीन नव्हतं, त्यामुळे माझी पहिली पाच वाक्यं फुकट गेली. त्यांनी शांतपणे मशीन शोधलं, बसवलं, आणि पुन्हा सांगा म्हणाले. दुसऱ्यांदा तितकं रागावता येत नाही.

"तुम्ही वीरला युद्धाच्या गोष्टी सांगितल्या," मी म्हणाले.

"तो विचारायचा. मी खाण्याबद्दल सांगायचो."

"खाण्याबद्दल?"

"आम्ही तोफखान्यावर होतो. शाळकरी पोरं. मोठ्या सैनिकांना सिगारेटी मिळायच्या. आम्ही लहान, म्हणून आम्हाला त्याऐवजी गोळ्या-चॉकलेटं. विमानांवर तोफ डागायची आणि नंतर लिंबाची गोळी चघळत बसायचं." ते माझ्याकडे बघत राहिले. "तुमचा मुलगा हसला नाही. तुम्हीही हसला नाहीत. ठीक आहे."

तुम्ही त्याला जाऊ नकोस का नाही म्हणालात, असं मी विचारलं. ते म्हणाले, कोणाला जा म्हणायचा किंवा जाऊ नकोस म्हणायचा हक्क मला नाही. मग टेबलावरचा पाकिटांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. त्यांना आता छापील अक्षर दिसत नाही, आणि शनिवारी तू त्यांचं टपाल वाचून दाखवायचास. हे मला माहीत नव्हतं. मी भांडायला गेले होते आणि त्यांचं पाण्याचं बिल, दाताच्या डॉक्टरची आठवण आणि एका कर्णयंत्राची जाहिरात मोठ्याने वाचून घरी आले. आता दर शनिवारी जायचं कबूल केलंय.

आई

रेडमंड, २ मार्च

वीर,

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. तुमच्या जॉर्जियात ऊन असेल.

काल टपाल कमी होतं, म्हणून मिस्टर एल बोलत बसले. तू त्यांच्याकडे चार वर्षं गेलास, तरी हे तुला सांगितलं होतं का, ते मला माहीत नाही. सांगितलं असेल तर हे पान सोड.

जानेवारी १९४४. ते पंधरा वर्षं दहा महिन्यांचे. तिकडे एकेक मुलगा नाही, अख्खा वर्गच्या वर्ग तोफखान्यावर बोलवायचे. यांच्या वर्गात सतरा मुलं. गावाबाहेर आठ किलोमीटरवर बराकी, तोफा, आणि शिकवायला मास्तर सायकलवरून तिथेच यायचे. सकाळी लॅटिन, मग तोफेची साफसफाई. निघायच्या आदल्या दिवशी पोरांनी पिशव्या भरल्या. कोण कुठल्या खाटेवर झोपणार यावरून भांडणंही झाली.

आणि त्याच दिवशी एगॉनच्या अंगावर लाल चट्टे उठले. स्कार्लेट फीव्हर. आईने तीन रजया घातल्या, छाती भरू नये म्हणून आदल्या दिवसापासून लावत होती तो मोहरीचा लेप रोज सुरू ठेवला. डॉक्टर आले, त्यांनी दारावर कागद डकवला. सहा आठवडे कोणी आत यायचं नाही, कोणी बाहेर जायचं नाही. मुलांनी रस्त्यावरून हाका मारल्या आणि ट्रकमध्ये बसून गेली. एगॉन उशीत तोंड खुपसून रडला. त्याची खाट खिडकीजवळची ठरली होती.

चौथ्या आठवड्यात बराकींवर थेट बॉम्ब पडला. सोळातली अकरा मुलं गेली.

मी म्हणाले, "नशीब."

ते म्हणाले, "हो, मला तीस वर्षं तसंच वाटत होतं." आणि कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं. मशीन काढलं की भेट संपली, हे मला आता कळतं.

घरी येऊन मी फार विचार केला. खरं सांगू, मला त्या बाईचा हेवा वाटला. तिच्या मुलाला वेळेवर ताप आला.

आई

रेडमंड, २३ मार्च

वीर,

तुझं पत्र नाही. मी पेटी दिवसातून दोनदा बघते. पोस्टमन एकदाच येतो, तरी.

घर मोठं झालंय. तुझ्या खोलीचं दार मी आधी बंद ठेवलं, मग उघडं ठेवलं. उघडं ठेवलं की तू आत असशील असं वाटतं आणि बंद ठेवलं की तू आत आहेस आणि रागावलायस असं वाटतं. ऑफिसमधल्या अस्मिताला हे सांगितलं. ती म्हणाली, नंदा, कम स्टे विथ अस फॉर अ वीकेंड यार. गेले नाही. शनिवारी मिस्टर एलचं टपाल असतं.

त्यांचा सत्त्याण्णवावा वाढदिवस झाला. ओरेगनहून त्यांची मुलगी फोनवर बोलली, अकरा मिनिटं. मी शिरा करून नेला. तो खाता खाता त्यांनी पुढचं सांगितलं.

सहा आठवड्यांनी त्यांना दुसऱ्याच तोफखान्यावर पाठवलं, अनोळखी मुलांत. तिथे ते वर्षभर होते. शेवटी तोफगोळेच संपले. मग एप्रिल १९४५मध्ये त्यांच्या हातात खांद्यावरून रणगाड्यावर डागायची एक नळी दिली आणि पुलाजवळ खड्ड्यात बसवलं. नळी एकदाच चालते. रणगाडा आला तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवली आणि दोन्ही हात वर केले. एका अमेरिकनाने त्यांना कॉलर धरून वर ओढलं. तो त्यांच्याकडे बघून म्हणाला, जीझस, अ किड. त्यांना आलेलं पहिलं इंग्रजी वाक्य हे.

मग नदीकाठी तारांच्या कुंपणात, उघड्या माळावर. तंबू नाहीत. टिनच्या डब्याने जमिनीत खड्डा खणून त्यात झोपायचं आणि पाऊस आला की खड्ड्याच्या कडेला उभं राहायचं. वय लहान म्हणून उन्हाळ्यात सोडून दिलं. चालत घरी गेले. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच शाळेत, त्याच बाकांवर. रणगाडा बघून आलेल्या मुलाला मास्तर विचारतायत, गृहपाठ का केला नाहीस.

"सगळ्यात वाईट काय होतं?" मी विचारलं. मला वाटलं खड्डा म्हणतील.

"बेकरी," ते म्हणाले. "पाव आणायला मी आणि आई जायचो. त्या अकरा मुलांच्या आया तिथे रांगेत असायच्या. आम्ही आत गेलो की बोलणं थांबायचं. कोणी गुड मॉर्निंगसुद्धा म्हणायचं नाही. मला वाटायचं, यांची मुलं गेली आणि मी जिवंत आहे म्हणून त्यांना माझं तोंड बघवत नाही. सात-आठ वर्षं मी ते डोळे सहन केले. त्रेपन्न साली अमेरिकेत निघून आलो."

"आणि आई?"

"आई तिथेच राहिली. पाव तिलाही लागायचाच."

इथे येऊन त्यांनी एकतीस वर्षं विमानाच्या कारखान्यात काम केलं. ज्यांची विमानं पाडायला बसवलं होतं त्यांचीच विमानं जोडली. आईला नाताळचं कार्ड पाठवायचे. वर्षाला एक. एवढ्या वर्षांत दोनदा गेले. ती बोलायची नाही फारसं, आणि या गप्प बाईला काय विचारायचं हे यांना कळायचं नाही.

तूही फारसा बोलत नाहीस. मी बोलते, पण कामाचं तेवढं सोडून.

आई

रेडमंड, २७ एप्रिल

वीर, वीर,

तुझं पत्र आलं. चार ओळी. पेटीपाशी उभी राहून वाचलं, मग गाडीत बसून वाचलं, मग पुन्हा घरात.

'आई, गॉट ऑल युअर लेटर्स. एक वाचायला मला पूर्ण संडे लागतो. जूनमध्ये तू ये. बाबाला मी नको सांगितलंय. त्याने माझे पेपर्स हरवले नसते तर आय वुड बी अ मेडिक नाऊ. आय कान्ट लुक ॲट हिम.'

तुझं अक्षर सुधारलंय.

तेरा जूनचं विमानाचं तिकीट काढलं. नाही, बाराचं, परेड तेराला आहे. अटलांटापर्यंत विमान, पुढे भाड्याची गाडी. साडी नेसून येऊ की नको? उन्हात उभं राहायचं असेल तर पंजाबी ड्रेस बरा. अस्मिताला सांगितलं, तिने मिठीच मारली. बाबाला फोन केला नाही. काय बोलणार?

चकल्या आणणार नाही, घाबरू नकोस.

आई

रेडमंड, ४ मे

चिरंजीव वीर,

आज पूर्ण शब्द लिहिते आहे. बाकीचं वाचून झाल्यावर तू पत्र फाडलंस तरी तो तेवढा लागू राहो.

काल तुझ्या चार ओळी मी मिस्टर एलना वाचून दाखवल्या. खरं तर मिरवायला नेल्या होत्या. त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं, "पेपर्स बापाने हरवले?"

मी म्हणाले, "हो."

त्यांचा हात कानाकडे गेला. मशीन काढतील असं वाटलं, पण काढलं नाही. मग त्यांनी राहिलेली गोष्ट सांगितली.

१९७४ला त्यांची आई गेली. हे अंत्यविधीला जर्मनीला गेले. तिकडे माती देऊन झाली की सगळे कॉफी प्यायला बसतात, केक असतो. यांची मावशी शेजारी बसली होती, म्हातारी झाली होती, दोन कप झाल्यावर ती म्हणाली, एगॉन, तुला कधी तापबिप नव्हताच.

मोहरीचा लेप छातीसाठी नव्हताच. त्याने कातडी लाल होते. आई रोज सकाळी लेप लावायची, पुसायची, वर तीन रजया घालायची. डॉक्टर तिचा चुलतभाऊ होता. त्या दिवसांत हे कोणी वर कळवलं असतं तर दोघांची धडगत नव्हती. कोणी कळवलं नाही. पण गावाला माहीत होतं. त्या अकरा जणींना माहीत होतं. बेकरीतले ते डोळे यांच्यावर नव्हतेच, आईवर होते. त्यांच्या मनात एकच, तिने आपलं पोर लपवलं आणि आम्ही आमची ट्रकमध्ये चढवली. तीस वर्षं ती त्या रांगेत उभी राहून पाव आणत होती, आणि मुलाला वाटत होतं की सगळं आपल्यामुळे, म्हणून तो पळून आला होता.

मी विचारलं, "तिने तुम्हाला सांगायला हवं होतं?"

"मी चिडलो असतो," ते म्हणाले. "माझा वर्ग मेला आणि मी मोहरी लावून पडलो होतो, हे मी तिला माफ केलं नसतं. पाच वर्षं तोंड बघितलं नसतं. दहासुद्धा. पण ओरडायला समोर माणूस असतं. मला कळलं तेव्हा समोर केक होता. पन्नास वर्षं झाली, मिसेस नंदा. मी कोणावर ओरडू?"

वीर, तुझे पेपर्स बाबाने हरवले नाहीत.

ऑगस्टमध्ये, तुझ्या वाढदिवसानंतरच्या सोमवारी, तू कामावर गेलास तेव्हा मी तुझं बर्थ सर्टिफिकेट, पासपोर्ट आणि सोशल सिक्युरिटी कार्ड असलेली निळी फाइल उचलली आणि बेलव्ह्यूच्या बँकेत लॉकरमध्ये ठेवली. आजीच्या पाटल्यांखाली. आपल्याकडे जे हातचं जाऊ नये ते लॉकरमध्ये ठेवतात. मला दुसरं काही सुचलं नाही. वाटलं, एक तारीख हुकली की तुझा नाद सुटेल, कॉलेज सुरू होईल.

तू घर पालथं घातलंस. मी तुझ्याबरोबर शोधलं. पलंगाखाली टॉर्च मारला. गराजमधली खोकी उतरवली. 'तू दमलीस, बस जरा,' असं तू मला म्हणालास. आणि मी बसले आणि म्हणाले, बाबाच्या सामानात गेले असतील.

नवीन कागद यायला सात आठवडे लागले. तोवर मेडिकची जागा गेली. नाद सुटला नाही, जागा तेवढी सुटली. तुला दुसऱ्यांच्या जखमा बांधायला जायचं होतं, आणि माझ्यामुळे तू बंदूक घेऊन पुढे जाणाऱ्यांत गेलास. लुट्झच्या आईचा मुलगा निदान वाचला तरी. माझ्या हातून तुझ्यासाठी जे झालं ते एवढंच.

आज सकाळी बाबाला फोन करून सगळं सांगितलं. त्याने मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाला, "नंदा, आठ महिने मी माझे बॉक्सेस उघडून बघतोय यार. मला वाटलं, खरंच माझ्याकडेच असतील." मी सॉरी म्हणाले. तो म्हणाला, "वीरला तू सांग. मी नाही सांगणार." त्याने सही केली म्हणून मी त्याच्याशी वर्षभर धड बोलले नाही. त्याने जे केलं ते उघडपणे केलं होतं.

तेव्हा परेडला बाबाला बोलव. हे पत्र मिळाल्याबरोबर त्याचं नाव दे, अजून वेळ आहे. माझं खोड.

मी येणार आहे मात्र. तिकीट रद्द करत नाहीये. ग्राउंडवर येणार नाही, बाबाबरोबर फोटोत उभी राहणार नाही. बाहेर गाड्या लावतात तिथे भाड्याच्या गाडीत बसेन, काचा खाली करून. गाडीचा नंबर मिळाला की बाबाला कळवीन. परेड संपली, जेवणबिवण झालं, की ये आणि जे काय ओरडायचं असेल ते ओरड. इंग्रजीत ओरड, मराठीत ओरड, मी मध्ये बोलणार नाही. चौदाच्या दुपारपर्यंत मी तिथे आहे. आणि त्या दिवशी यावंसं वाटलं नाही तर पुढच्या वर्षी ये, पाच वर्षांनी ये. घराचा पत्ता तुला माहीत आहे. मी अजून त्रेपन्नचीच आहे.

आई